गौतमीपुत्राचं नेमकं साल कोणतं? सातवाहनांच्या कालगणनेचा घोळ

गोदाकाठची (शनिवार, रात्री १०:४०)

मंडळी, प्रश्न साधा आहे असं वाटलं होतं.

लेकीला शाळेत प्रकल्प आहे: प्राचीन राजवटीची कालरेषा. आम्ही नाशिककर, पांडवलेणी घराच्या गच्चीवरून दिसतात, त्यामुळे सातवाहन ओघानंच आले. चार्ट पेपर जोडून सहा फुटांची पट्टी केली आणि दहा वर्षांना एक इंच असं प्रमाण ठरवलं. मधोमध शून्याची रेघ, डावीकडे इसवी सनापूर्वीचा काळ, उजवीकडे नंतरचा. इथवर सगळं सुरळीत.

मग पहिलंच नाव घेतलं, सिमुक. एका पुस्तकात तो इ.स.पू. २३५-२३० च्या सुमाराला, दुसऱ्यात इ.स.पू. पहिल्या शतकात. आमच्या पट्टीवर हा फरक वीस इंच! दोन वितींपेक्षा जास्त. बरं, सिमुक म्हणजे मूळपुरुष, त्याचं धूसर असणारच, म्हणून गौतमीपुत्र सातकर्णीकडे वळलो. तर तो एकीकडे १०६ ते १३० आणि दुसरीकडे साधारण ६० ते ८५. साडेचार इंच.

सासरे चहा पीत बघत होते. म्हणाले, "अगं, शालिवाहनानं शक सुरू केला ना? मग ७८. संपला विषय." लेकीनं लगेच स्केचपेन उचललं. मी हात धरला म्हणून थांबली.

कुणी सांगेल का, एवढ्या मोठ्या राजाचं साल आपल्याला माहीत का नाही? आणि पट्टीवर रेघ मारू कुठे? प्रकल्प पुढच्या शनिवारी द्यायचाय.

अनवट (शनिवार, रात्री ११:०५)

जागा पकडून बसलोय. लेणीवाले आणि नाणेगोळा यांना कुणीतरी हाक मारा.

सासऱ्यांना मात्र ७८ चं उत्तर हळूच द्या, घरात अजून राहायचंय तुम्हाला.

लेणीवाला (रविवार, सकाळी ७:५०)

हाक पोचली. गोदाकाठची, तुमच्या गच्चीवरून दिसतं तिथेच उत्तराची सुरुवात आहे. लेणं क्रमांक ३ मध्ये जा. ओवरीच्या भिंतीवर गौतमीपुत्राचा हुकूम कोरलाय. विजयी सैन्याच्या तळावरून गोवर्धनच्या विष्णुपालित नावाच्या अमात्याला तो कळवतो की अमुक गावातलं उषवदाताच्या (हा शत्रूकडचा, पुढे येतोच) ताब्यातलं दोनशे निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) शेत भिक्षूंना दिलं आहे. शेवटी तारीख: सवछरे १८, वासपखे २, दिवसे १.

म्हणजे काय? संवत्सर अठरावं, पावसाळ्याचा दुसरा पक्ष, पहिला दिवस. दिवसापर्यंत नेमकी तारीख आहे. पण अठरावं संवत्सर कुणाचं? त्याच्याच राज्याचं. गादीवर बसला ते वर्ष पहिलं. तो गेला की मोजणी बंद, मुलगा बसला की पुन्हा एकपासून. त्याच लेण्यात त्याच्या आईचा, गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख आहे. त्यावर मुलाचं नव्हे, नातवाचं वर्ष आहे: वासिष्ठीपुत्र पुळुमावीचं एकोणिसावं, उन्हाळ्याचा दुसरा पक्ष, तेरावा दिवस.

महिन्यांची नावं नाहीत, हेही बघा. वर्षाचे तीन ऋतू, गिम्ह, वासा, हेमंत. प्रत्येकी चार महिने म्हणजे आठ पक्ष. आपल्या आज्या "आखाडातली गोष्ट" म्हणायच्या, सातवाहनांचा कारकून "पावसाळ्याचा दुसरा पंधरवडा" म्हणायचा. गंमत म्हणजे त्यांचे शत्रू महिन्याचं नाव लिहीत. नहपान या क्षत्रपाचा, म्हणजे शक राजाचा, जावई उषवदात, त्याच्या लेखात "वसे ४२ वेसाख मासे" आहे. त्यात त्यानं गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेणीकडे दोन हजार कार्षापण नाणी ठेवलीत, दरमहा शेकडा एक व्याजानं, वीस भिक्षूंना चिवरासाठी प्रत्येकी बारा मिळावेत म्हणून. हिशेब करून बघा, वर्षाचे २४० होतात, बरोब्बर वीस गुणिले बारा. व्याजाचा हिशेब दोन हजार वर्षांनी जुळतो आणि राजाचं साल जुळत नाही!

पाटीपुस्तक (रविवार, सकाळी ९:१५)

मग एवढं मोठं साम्राज्य, आणि त्यांना स्वतःचा सलग शक काढावासा वाटला नाही? विचित्रच.

लेणीवाला (रविवार, सकाळी ९:३०)

विचित्र आपल्याला वाटतं, कारण भिंतीवर कॅलेंडर टांगून जगतो आपण. अशोकाच्या लेखांतही "राज्याभिषेकाला इतकी वर्षं झाली असता" असंच आहे. त्या काळी तीच रीत. अशोकाचं नशीब चांगलं. त्यानं तेराव्या शिलालेखात पाच यवन, म्हणजे ग्रीक, राजांची नावं घेतली, अंतियोक, तुरमाय वगैरे, आणि ते सगळे एकाच वेळी जिवंत कधी होते हे त्यांच्याकडच्या इतिहासातून कळतं. म्हणून अशोक जागेवर बसला. गौतमीपुत्रानं शक, यवन, पल्हवांना धूळ चारली असं त्याची आई अभिमानानं सांगते, पण एकाही यवनाचं नाव घेत नाही. घेतलं असतं तर हा धागाच निघाला नसता.

मोडीवाचक (रविवार, सकाळी ११:२०)

आता ७८ कडे येतो. गोदाकाठची, सासऱ्यांना जवळ बसवून वाचून दाखवा.

पंचांगावर "शालिवाहन शके" असतं म्हणून शक शालिवाहनाचा, असं आपण धरून चालतो. पण सातवाहनांच्या एकाही लेखात शककाल नाही. हा काल वापरत होते पश्चिमी क्षत्रप, म्हणजे शक राजे. पुढे बदामीच्या चालुक्यांनी तो उचलला. बदामीच्या तिसऱ्या लेण्यात मंगलेशाचा लेख आहे. त्यात शब्द आहेत: शकनृपतिराज्याभिषेकसंवत्सरेष्वतिक्रान्तेषु पञ्चसु शतेषु. शक राजाच्या राज्याभिषेकाला पाचशे वर्षं उलटली असता. किती स्वच्छ लिहिलंय! काल कुणाचा? शक राजाचा. शालिवाहनाचं नाव त्याला चिकटलं ते फार नंतर, साधारण तेराव्या-चौदाव्या शतकात.

त्याच लेखातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. शकाच्या पाचशेबरोबरच त्यात "प्रवर्धमान राज्यसंवत्सर बारावं" असंही आहे. त्या वेळी गादीवर मंगलेशाचा भाऊ कीर्तिवर्मा होता. राजाचं वर्ष आणि सलग काल, दोन्ही एकाच दगडावर. ५०० अधिक ७८ म्हणजे ५७८, त्यातून बारा मागे गेलं की कीर्तिवर्मा ५६६-६७ ला गादीवर आला. पाच मिनिटांचं काम. सातवाहनांचा असा एकही दगड आपल्याकडे नाही. सगळं रडगाणं तेवढ्यासाठी आहे.

शिवनेरकर (रविवार, दुपारी १२:०५)

हे जरा अति होतंय. शकांचा निःपात केला तो आपल्या राजानं, आणि काल म्हणे शकांचा! पिढ्यान्‌पिढ्या संकल्पात "शालिवाहन शके" म्हणतोय ते काय खोटं? परकीयांच्या चष्म्यातून पाहायची सवय कधी जाणार?

मोडीवाचक (रविवार, दुपारी १२:४०)

शिवनेरकर, बदामीचा लेख परकीयांनी कोरलेला नाही, आणि संकल्प खोटा असंही मी म्हटलेलं नाही. सातशे वर्षं लोकांनी म्हटलेलं नाव हा स्वतःच इतिहास आहे. लोकांना हरलेल्याच्या कालावर जिंकणाऱ्याचं नाव लावावंसं वाटलं, मला तर यात शत्रूवरची शेवटची कुरघोडी दिसते. पण त्यावरून गौतमीपुत्र ७८ साली काय करत होता हे ठरत नाही.

शिवाय तुम्ही जुन्नरकडचे दिसता. तुमच्याच मानमोडीच्या डोंगरात नहपानाच्या अयम नावाच्या अमात्याचा लेख आहे, वर्ष ४६. नहपानाचं आजवर मिळालेलं सगळ्यात शेवटचं वर्ष. पुढचं सगळं त्या ४६ वर लटकलंय.

शिवनेरकर (रविवार, दुपारी १:१०)

मानमोडी शंभरदा चढलोय, लेख पाहिलाय, वाचता येत नाही. बरं, पुढं सांगा.

गणितज्ञ_नाही (रविवार, दुपारी ३:२५)

सिमुकाच्या वीस इंचांचं कुणीच सांगत नाहीये, तर मी सांगतो. ती भानगड पुराणांची.

पुराणांत या राजांना आंध्र म्हटलंय आणि सगळं भविष्यकाळात: अमुक राजा होईल, इतकी वर्षं राज्य करील. मत्स्यपुराणात एकूण बेरीज ४६० वर्षं. वायुपुराणाच्या काही पोथ्यांत राजेही कमी आणि काळ तीनशेच्या आसपास. सातवाहन संपले साधारण इ.स. २२५ च्या सुमाराला असं धरा आणि ४६० मागे जा: इ.स.पू. २३५. अशोक जातो न जातो तोच सिमुक उभा.

पण तीच पुराणं सांगतात की सिमुकानं शेवटच्या काण्व राजाला उडवलं. आणि त्याआधी मौर्य १३७ वर्षं, शुंग ११२, काण्व ४५. चंद्रगुप्त इ.स.पू. ३२२ ला धरून करा वजाबाकी: १८५, ७३, २८. सिमुक इ.स.पू. २८ ला! एकाच ग्रंथातून दोन उत्तरं, दोनशे सात वर्षांच्या अंतरानं. पहिल्याला दीर्घ कालगणना म्हणतात, दुसऱ्याला ऱ्हस्व. विद्वान शंभर वर्षं याच्यावर भांडताहेत.

पुराणांतले आकडे तपासायला आपल्याकडे लेख आहेत. मत्स्यात गौतमीपुत्राला २१ वर्षं दिलीत, आणि नाशिकलाच त्याचा चोविसाव्या वर्षाचा लेख आहे. म्हणजे इथे पुराण चुकलं. (भांडारकरांनी बापलेक एकाच वेळी राज्य करत होते असं मांडून बघितलं होतं, ते पुढे फारसं टिकलं नाही.) पुळुमावीला २८, कार्ल्याला त्याचं चोविसावं वर्ष सापडतं, चालेल. यज्ञश्रीला २९, आंध्रात चिन्नगंजामला त्याचं सत्ताविसावं वर्ष, हेही चालेल. शेवटी शेवटी पुराणं बरी आहेत, सुरुवातीला भरवसा नाही. आणि वऱ्हाडात तऱ्हाळ्याला १९३९ साली नाण्यांचा घडा मिळाला, त्यात कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी नावं निघाली, जी पुराणांना ठाऊकच नाहीत.

सह्यभटकी (रविवार, दुपारी ४:००)

नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा एवढा लांबलचक लेख आहे ना? अश्वमेध, राजसूय, गाई किती, हत्ती किती, सगळं आहे. त्यात साल नाही?

लेणीवाला (रविवार, दुपारी ४:३५)

असं साल नाही ज्यानं प्रश्न सुटेल. तिथे समोरच्या भिंतीवर पुतळे होते, सिमुक, सातकर्णी आणि नागनिका, कुमार, महारठी. आता उरलेत फक्त पावलांचे अवशेष आणि वर नावं. त्या लेखाचा काळ ठरवतात तो अक्षरांच्या वळणावरून, आणि वळणावरून पन्नास-शंभर वर्षं इकडेतिकडे सहज होतात.

तुलनेला घेतात कलिंगच्या खारवेलाचा हाथीगुंफेचा लेख, कारण त्यात तो "सातकर्णीला न जुमानता" पश्चिमेकडे सैन्य धाडल्याचं सांगतो. पण खारवेलाचा काळ तरी कुठे पक्का आहे? त्याच्या लेखात नंदराजानंतर "तिवससत" असा शब्द येतो. त्याचा अर्थ तीनशे वर्षं घ्यायचा की एकशे तीन, यावरच सगळं फिरतं. म्हणजे एका आंधळ्यानं दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायचा.

नाणेगोळा (रविवार, रात्री ९:५०)

दिवसभर गावाला होतो, आत्ता पाहतोय. सुरुवातीचं सोडा, गौतमीपुत्राचं बोलू. तिथे बरंच पक्कं आहे.

१९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. तेरा हजारांच्या वर नाणी, सगळी नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्रानं पुन्हा छाप मारलाय. असं एक नाणं मी हातात घेऊन पाहिलंय. नहपानाच्या नाकावरच तीन कमानींचा डोंगर उमटलाय, कानाशी "गोतमिपुतस" मधली दोनतीन अक्षरं, आणि कडेला मूळची ग्रीक अक्षरं अजून दिसतात. वितळवून नवं पाडायची तसदी घेतलेली नाही. सापडलं ते नाणं घे, ऐरणीवर ठेव, हाण.

काळासाठी यातून एक गोष्ट पक्की होते: मध्ये तिसरा कुणी नाही. नहपानानंतर थेट गौतमीपुत्र. त्याची आईही लेखात त्याला "खखरातवसनिरवसेसकरस" म्हणते, क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश निःशेष करणारा. आणि लेणीवाल्यांनी सांगितलेल्या अठराव्या वर्षाच्या हुकुमात उषवदाताचं शेत आलंय. तिथे "अजकालकियं" असा शब्द आहे. काहींनी ते शेताचं नाव मानलं, काहींनी "आजपर्यंतचं" असा अर्थ लावला. दुसरा अर्थ घेतला तर शेत नुकतंच हातात आलंय, म्हणजे अठरावं वर्ष हे विजयाचंच वर्ष. म्हणून नहपान ४६ आणि गौतमीपुत्र १८ हे जवळजवळ एकाच ठिकाणी येतात.

आता फक्त ते ४६ कशाचं, एवढं कळलं की झालं. शककालाचं धरलं तर ४६ अधिक ७८ म्हणजे १२४. त्यातून अठरा मागे, १०६. चोविसावं वर्ष १३०. पुस्तकांतलं १०६ ते १३० आलं ते असं.

पण ते शकाचं आहे असं लेखात कुठेही नाही. नुसतं "वसे". ते नहपानाच्या स्वतःच्या राज्याचं वर्ष असू शकतं. आणि इथे एक ग्रीक व्यापाऱ्याचं समुद्रप्रवासाचं टिपण आडवं येतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याचं मानतात ते. त्यात भडोचच्या राज्याचा राजा मंबनोस म्हणून येतो, तो म्हणजे नहपान. कल्याणबद्दलही आहे: थोरल्या सरगनोसच्या (हा सातकर्णी असावा) वेळी ते रीतसर बंदर होतं, पण आता चुकून तिथे गेलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेतात. नहपान पहिल्या शतकात असेल तर तो १२४ पर्यंत कसा पोचेल? म्हणून हल्लीचे बरेच नाणकतज्ज्ञ त्याचा शेवट ७८ च्या आसपास धरतात, आणि मग गौतमीपुत्र येतो ६० ते ८५ मध्ये.

कच्छातल्या अंधौच्या लेखांचंही ऐका. तिथे चष्टन आणि त्याचा नातू रुद्रदामन यांचं वर्ष ५२, शकाचं, म्हणजे १३०. पुढे तिथेच चष्टनाचा वर्ष ११ चा लेखही मिळाला, म्हणजे ८९. नहपान १२४ पर्यंत असेल तर शेजारीच हा दुसरा क्षत्रप पस्तीस वर्षं काय करत होता? मी स्वतः पहिल्या शतकाच्या बाजूचा आहे, हे उघड सांगतो.

मोडीवाचक (रविवार, रात्री १०:२५)

नाणेगोळा, एवढं सरळ नाही. तुमच्या बाजूनं गेलं तर टॉलेमी या ग्रीक भूगोलकाराचं काय करायचं? दुसऱ्या शतकाच्या मध्याला लिहिताना तो पैठणला सिरो-पोलेमायोस आणि उज्जैनला तिआस्तेनेस सांगतो, म्हणजे श्री पुळुमावी आणि चष्टन. बाप ८५ ला गेला तर मुलगा दीडशेला कसा?

नाणेगोळा (रविवार, रात्री १०:४०)

टॉलेमी अलेक्झांड्रियात बसून व्यापाऱ्यांकडून ऐकून लिहीत होता. बातमी वीस-तीस वर्षं जुनी असणार, चष्टन तरी दीडशेला कुठे होता? रुद्रदामनाचा गिरनारचा लेख शक ७२ चा, म्हणजे १५०, आणि तेव्हा आजोबाचा काळ संपलेला. आणि तुमच्या १०६-१३० वाल्या हिशेबात त्या वेळी पुळुमावी गादीवर. पण रुद्रदामन म्हणतो, दक्षिणापथपती "सातकर्णी"ला दोनदा हरवला, नातं जवळचं म्हणून सोडला. पुळुमावी स्वतःला सातकर्णी कुठे म्हणवतो?

मोडीवाचक (रविवार, रात्री १०:५५)

त्याचा भाऊ असेल. कान्हेरीच्या पोढीवरच्या (पाण्याच्या टाक्यावरच्या) लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक, म्हणजे रुद्रदामनाच्याच, कुळातली आहे, महाक्षत्रप "रु…" ची मुलगी. नेमका पुढे दगड फुटलाय.

अनवट (रविवार, रात्री ११:००)

दगड सोयीच्या ठिकाणी कधीच फुटत नाही.

पाटीपुस्तक (सोमवार, सकाळी ८:१०)

ॲसिरियावाल्यांचा हेवा वाटायला लागला. त्यांच्याकडे प्रत्येक वर्षाला एका अधिकाऱ्याचं नाव देत आणि त्या नावांची यादी ठेवत. त्यातल्या एका वर्षापुढे सूर्यग्रहणाची नोंद आहे, ते ग्रहण इ.स.पू. ७६३ च्या १५ जूनचं निघालं, आणि अख्खी यादी एका खिळ्यावर टांगली गेली. आपल्याकडे पावसाळ्याचा दुसरा पक्ष. ढगात ग्रहण तरी कुणाला दिसणार!

शिवनेरकर (सोमवार, सकाळी ९:४५)

वाचून काढलं सगळं. म्हणजे साखळी पक्की आहे, खुंटी सैल आहे, असंच ना? नहपान, त्याला लागून गौतमीपुत्र, किमान चोवीस वर्षं, मग पुळुमावी, किमान चोवीस. कड्या सुटत नाहीत. फक्त सगळी साखळी पंचेचाळीस वर्षं डावीकडे ओढायची की नाही, एवढाच वाद.

मग ताई, चार्टवर रेघ मारताच कशाला? दोरी लावा. दोरीला राजांच्या चिठ्ठ्या टाचा आणि दोरी टाचणीनं अडकवा. सरकवता येईल.

नाणेगोळा (सोमवार, सकाळी १०:०५)

शिवनेरकर, दंडवत. आमच्या परिसंवादात हे सांगायला लोकांना चाळीस पानं लागतात.

गोदाकाठची (शनिवार, दुपारी २:३०)

सगळ्यांचे आभार. अहवाल देते.

लोकरीची लाल दोरी लावली. नहपान, गौतमीपुत्र, पुळुमावी, यज्ञश्री अशा चिठ्ठ्या आपापल्या अंतरानं टाचल्या. सिमुक आणि नागनिकेसाठी वेगळी हिरवी दोरी, ती नुसतीच लोंबतेय. पट्टीवर लाल दोरीसाठी दोन भोकं पाडली, एक ७८ वर, एक १२४ वर. नहपानाचं शेचाळिसावं वर्ष यातल्या कुठल्याही भोकात अडकवायचं, बाकीचे राजे मागोमाग सरकतात.

सासऱ्यांना बदामीचा लेख वाचून दाखवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे ७८ च्या भोकात टाचणी लावली तर मी थोडाफार बरोबर." लेकीनं तिथेच लावली.

वर्गात मॅडमनी विचारलं, दोनातलं खरं भोक कुठलं? ही म्हणाली, नाशिकला अजून एक दगड सापडला की सांगते. दहापैकी सात मिळाले. तीन कशाचे कापले ते वहीत लिहिलेलं नाही.